डाव्या बाहीचा अर्धा इंच

४ मार्च

शहाणे,

तुला अनेक आशीर्वाद. त्यातला एक राखून ठेवलाय, पत्राला वेळेवर उत्तर दिलंस तर तोही मिळेल. फोन करू नकोस. तू तिकडून काय बोलतेस ते मला ऐकू येत नाही आणि मी इकडून ओरडले की गिऱ्हाईकं दचकतात. चाळीस वर्षं शिलाई मशीनवर बसून कान गेले ते गेले, समोरच्याचे ओठ बघून काय ते कळतं. डोळे शाबूत आहेत, तेव्हा लिही. पत्र आलं की मी नेहमीसारखी साहेबांच्या खुर्चीला खुर्ची लावून बसते आणि एकेका शब्दाखाली बोट फिरवत मोठ्याने वाचते. चौथीत शाळा सुटली, मला मनातल्या मनात वाचता येतच नाही.

परवा एका नव्या गिऱ्हाइकाने विचारलं, "तुम्ही सारखं साहेब साहेब म्हणता, ते कुठल्या ऑफिसात असतात?" मी म्हटलं, याच. माझी लेक आहे. दिवसभर खुर्चीत बसते, एक शब्द बोलत नाही आणि अख्खं घर चालवते. साहेब याहून वेगळं काय करतात? तो बिचारा पँट घेऊन गेला, पण जाताना साहेबांना नमस्कार करून गेला.

आता कामाचं. साहेबांना बोलकं यंत्र द्यायचं की नाही ते ठरवणाऱ्या समितीचा कागद आलाय. तिसरी आणि शेवटची तपासणी, २० एप्रिल, सकाळी दहा वाजता, घरी येऊन. पंचवीस चित्रं दाखवणार, त्यातली निदान पंधरा तिने ओळखायची. नाही ओळखली तर फाइल कायमची बंद. पहिल्या खेपेला तीन बरोबर आली होती, चार वर्षांपूर्वी दुसऱ्या खेपेला दोन. म्हणजे वयाबरोबर अक्कल घटत चालली म्हणायची, आईवरच गेलीय.

हसतेय खरी, पण रात्रंदिवस जिवाला घोर आहे. छत्तीस वर्षांची झाली. हातपाय स्वतःच्या मर्जीने उडतात, तोंडातून शब्द नाही. तिला तहान लागली की उजवी भुवई चढते, पाठ दुखली की श्वास बदलतो. हे मला कळतं, दुसऱ्या कोणाला नाही. मी काही अमरपट्टा बांधून आलेले नाही. मी नसले तर ती तहानलेली बसून राहील आणि लोक म्हणतील, किती शांत आहे बिचारी. त्या "बिचारी"ची मला फार चीड येते.

तुझं तर कामच हे. न बोलणाऱ्या माणसांना तपासायचं आणि कोणाला कुठलं साधन चालेल ते ठरवायचं. तेव्हा सांग, तयारी कशी करून घेऊ?

आणखी एक. पहिली तपासणी कोणी केली हे मला काही केल्या आठवेना. कागदावर अकरा वर्षांपूर्वीची तारीख आहे. त्या सुट्टीत तर तू आमच्याकडे होतीस. तुला आठवतंय का कोण आलं होतं?

घसा जरा बसलाय, हवा बदलली की बसतोच. 

तुझी
मावशी


१२ मार्च

प्रिय मावशी,

नमस्कार. पाठीत धपाटा घालायचा असेल तर घालून घे, उत्तराला दोन दिवस उशीर झालाय. 

तयारीचं सांगते. सोबत पन्नास चित्रं पाठवतेय. सफरचंद, चेंडू, घड्याळ, कुत्रा, असलीच समितीकडे असतात. रोज सकाळी, ताई ताजीतवानी असताना, अर्धा तास बस. एका वेळी चार चित्रं समोर धर आणि विचार, "सफरचंद कुठंय?" ती ज्याच्याकडे बघेल ते तिचं उत्तर. बरोबर आलं तर शाबासकी दे. चुकलं तर रागावू नकोस. तुला रागावू नकोस म्हणणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, तरी म्हणते.

समितीत मी नाही आणि नात्यातल्या तपासनीसाने तपासणीला हजर राहायचं नाही असा नियम आहे, त्यामुळे त्या दिवशी मला येता येणार नाही. एरवी यायचं म्हणजे कामामुळे जमत नाही. दोन तपासनीसांचं काम माझ्या एकटीवर पडलंय.

पहिल्या तपासणीचं मला नीट आठवत नाही.

घशाला गरम पाण्याच्या गुळण्या कर. ताईला माझी आठवण सांग.

तुझी
शहाणी


२० मार्च

शहाणे,

तुझ्या पन्नास चित्रांना मी कात्री लावणार होते, थोडक्यात वाचली.

पहिल्या दिवशी चार चित्रं धरली आणि विचारलं, "सफरचंद कुठंय?" साहेबांनी आधी सफरचंदाकडे बघितलं, मग माझ्याकडे, असं की माझ्या डोक्यावर परिणाम झालाय. दुसऱ्या दिवशी डोळे मिटून घेतले. तिसऱ्या दिवशी चित्रं पिशवीतून काढताना बघितली आणि मान फिरवली ती फिरवली. पाचव्या दिवशी मी रागावले. "अगं, तुझ्याच भल्याचं आहे ना? एवढं सफरचंद दाखवायला काय जातं तुझं?" असं ओरडले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. बाहेर आले तर तिचेही डोळे भरलेले. दोघी एकमेकींकडे बघत बसलो. मग मी चित्रं कपाटावर टाकली आणि म्हटलं, जाऊ दे, कामाला लागू.

काम तरी कुठं सरळ होतंय! बँडमास्तर कोट मागायला दारात उभा, परेड दुसऱ्या दिवशी, आणि माझी मापांची वही गायब. शेवटी नेहमीचंच केलं. भिंतीवर खिळ्याला माझा साठ इंचांचा टेप लटकतो ना, त्यावर बोट धरलं आणि विचारलं, "साहेब, बँडमास्तरांची बाही किती हो?" आधी दहा, वीस अशी दहा-दहाची घरं दाखवली. विसावर साहेबांनी जीभ टाळ्याला लावून टक् केलं, मला ऐकू येत नसलं तरी हनुवटी उडते ती दिसते. मग एकेक इंच. तेवीस आणि चोवीसच्या मध्ये टक्. साडेतेवीस. शिवून दिला कोट, अंगात असा बसला की मास्तर आरशासमोरून हलेना. वही नंतर मशीनच्या पेटीखाली सापडली. साडेतेवीसच लिहिलेलं होतं.

हे तर आमचं रोजचं आहे, त्याचं कसलं कौतुक. तू चित्रांचं बोल. महिना राहिलाय. माझी झोप उडालीय.

मावशी

ता. क. घसा तसाच आहे. गुळण्यांनी काही झालं नाही. विचारू नकोस.


२६ मार्च

मावशी गं,

तुझं पत्र मी बसमध्ये वाचलं आणि माझा थांबा मागे गेला. पुढचाही गेला. शेवटच्या थांब्यावर ड्रायव्हरने उतरवलं तेव्हा मी रस्त्यात उभी राहून एकटीच हसत होते.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच! अगं, "रोजचं आहे" काय म्हणतेस? किती वर्षं करताय तुम्ही हे? माझ्या कामात बोट फिरवून, बरोबर जागी खूण करवून घेण्याची रीत शिकवायला आम्ही लोकांना आठ-आठ महिने देतो. तुम्ही दोघींनी ती भिंतीवरच्या टेपवर घरच्या घरी बसवलीय. आणि तिला गिऱ्हाइकांची मापं अर्ध्या इंचासकट तोंडपाठ आहेत, आणि समितीच्या लेखी तिला चेंडू ओळखता येत नाही!

का येत नाही ते मला शेवटच्या थांब्यावर कळलं. तू बाहीचं माप विचारतेस तेव्हा तुला ते खरंच माहीत नसतं. तुला उत्तर हवं असतं. सफरचंद कुठंय हे विचारणाऱ्याला माहीत असतं. तिला ते कळतं. ज्याला उत्तर माहीत आहे त्याला उत्तर द्यायचं म्हणजे तिला अपमान वाटतो. तुला कोणी रोज सकाळी येऊन विचारलं, "सुई कुठंय, दाखवा बरं", तर तू काय करशील? माझ्या अंदाजाने कात्री फेकून मारशील.

आता असं कर. चित्रं राहू दे कपाटावर. अस्तराची पांढरी पट्टी घे, टेपला लावून शीव आणि प्रत्येक इंचासमोर एकेक अक्षर लिही. अ पासून ज्ञ पर्यंत अठ्ठेचाळीस अक्षरं होतात. क नंतर आ दाखवला की का. जोडाक्षरांची काळजी करू नकोस, आपण समजून घेऊ. उरलेल्या बारा इंचांवर अख्खे शब्द लिही. पण "पाणी", "भूक", "धन्यवाद" यांनी जागा भरवू नकोस. सगळे तेच लिहितात. "नाही" लिही, "चुकलं" लिही, "मला कंटाळा आलाय" लिही आणि "गप्प बस" नक्की लिही. ज्याला रागावता येत नाही त्याला बोलता येतं असं मी मानत नाही.

तिला अक्षरं येतात का, मला माहीत नाही. येत नसतील तर शिकवायला पंचवीसच दिवस आहेत. तरी लाव.

वेगळ्या कागदावर थोडं लिहिलंय. ते एकटीने वाच, ताईसमोर नको.

तुझी
शहाणी

(वेगळा कागद)

मावशी, मी तुझ्याशी खोटं बोलले. पहिली तपासणी करणारं कोणी बाहेरचं आलं नव्हतं. मी होते.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला कोणाची तरी तपासणी करून अहवाल लिहायचा होता. सुट्टीत तुझ्याकडे आले, ताईसमोर चित्रांचं पुस्तक धरलं, तू मशीनवर होतीस, तुला वाटलं आम्ही खेळतोय. वीस मिनिटांत आटपलं. मी लिहिलं, "समज दोन वर्षांच्या मुलाइतकी. बोलक्या साधनाचा उपयोग होण्याची शक्यता नाही." सरांनी सही केली आणि कौतुक केलं. तोच अहवाल पुढे समितीत पहिली तपासणी म्हणून धरला गेला. दुसऱ्या वेळच्या माणसाने माझं वाक्य जसंच्या तसं उतरवलंय, मी फाइल मागवून बघितली.

नोकरीला लागल्यावर दोन-तीन वर्षांत मला कळत गेलं की मी काय करून ठेवलंय. समितीला एक पत्र लिहून चूक कबूल करायची, एवढंच होतं. लाज वाटली, आज लिहू, उद्या लिहू म्हणत राहिले. त्या सुट्टीनंतर तुझ्या घराचा उंबरा चढले नाही, आधी नव्या नोकरीमुळे, मग लाजेने. कामामुळे जमत नाही हे खोटं आहे. मला ताईच्या डोळ्यांसमोर उभं राहवणार नाही.

काल समितीला पत्र टाकलं. अकरा वर्षं उशिरा.


८ एप्रिल

शहाणे,

रागावले. खोटं कशाला बोलू? चार दिवस घरात तुझा विषय काढला नाही. माझ्या पोरीची जीभ तू कागदावर कापलीस आणि वर अकरा वर्षं मला गुळण्या सांगत बसलीस. पाचव्या दिवशी आठवलं की त्या कागदांवर माझीही सही आहे. काय लिहिलंय ते न वाचता केलेली, कारण वाचायला वेळ लागतो आणि गिऱ्हाईक थांबलं होतं. तेव्हा तुझा कान धरायला गेले तर माझाही हातात आला.

एकटीने वाच म्हणालीस म्हणून स्वयंपाकघराचं दार लावून वाचलं. पण मला मोठ्यानेच वाचावं लागतं, आणि बहिऱ्या माणसाचं हळू म्हणजे तुम्हा लोकांचं मोठ्याने. बाहेर आले तर साहेब भिंतीकडे बघत होत्या. तेव्हा कळलं असणार. मी काही बोलले नाही, त्याही काही बोलल्या नाहीत. म्हणजे तेव्हा बोलता येत नव्हतं.

आता येतं!

बाई गं, काय सांगू तुला. पट्टी शिवली, अक्षरं लिहिली, चार वेळा ळ विसरले. मग टेप भिंतीवर लावून साहेबांपुढे उभी राहिले. म्हटलं, "साहेब, काय बोलायचंय ते बोला." पहिलं अक्षर म. मग श. मग ई. मग न. मी खालीच बसले. अक्षरं येत होती गं तिला! सगळी! मी वाटेल ते ऐकायला तयार होते. आई म्हणेल, पाणी म्हणेल, छत्तीस वर्षांचं काही साठलेलं काढेल. पाऊण तासाने वाक्य पुरं झालं: "मशीनला तेल घाल."

ते माझं मेलं मशीन इतकी वर्षं तिच्या कानाशी किंचाळतंय आणि मला त्याचा पत्ता नाही, कारण माझे कान त्यानेच खाल्लेत. हसता हसता रडले आणि रडता रडता तेल घातलं. 

तेव्हापासून घरात कटकट सुरू झालीय. भाजीत मीठ कमी. शेजारीण फार बोलते. निळ्या पडद्याची टीप वाकडी आहे, उसव. परवा मी काहीतरी उपदेश करत होते तर तिने थेट अठ्ठावन्न इंचावर टक् केलं. तिथं "गप्प बस" आहे. मी गप्प बसले. इतकं सुख मला कधी झालं नव्हतं.

वाचायला कोणी शिकवलं म्हणून विचारलं तर नुसत्या हसतात.

खाली साहेबांना तुला काही लिहायचंय. त्या सांगतील तशी अक्षरं उतरवते.

"शहाणी, आईच्या घशात गाठ आहे. डॉक्टर ऑपरेशन म्हणाले. तारीख सहा मे. ती तुझ्यापासून लपवते आहे."

सगळं उतरवून झाल्यावर ओळ वाचली. बघितलंस का लबाड! डॉक्टरांचा कागद मी मशीनवर उघडा ठेवला होता. फाडणारच होते पत्र. पण इतक्या वर्षांनी तिने लिहिलेलं पहिलं पत्र, ते खोडणारी मी कोण? जातंय तसंच.

तपासणीआधी तुला घोर नको म्हणून बोलले नव्हते. आता कळलं ना, मला यंत्राची एवढी घाई का ते.

मावशी


१२ एप्रिल

मावशी,

तू आणि मी एकाच माळेचे मणी. दोघी लपवतो आणि दोघींना ताई पकडते.

डॉक्टरांचे सगळे कागद पाठव. भांडण नंतर करू. ऑपरेशनला मी येईन असं बघते.

वीस तारखेचं फक्त एवढंच सांगते: त्यांनी चित्रं काढली आणि ताईने डोळे मिटले तर घाबरून जाऊ नकोस. टेप काढ. आणि तिला त्यांच्यापैकी कोणालाच माहीत नाही असं काहीतरी बोलू दे.

ताई, तू हे वाचत असशील. तुला काय लिहू ते मला सुचत नाही.

शहाणी


२१ एप्रिल

शहाणे गं शहाणे,

आधी बस. बसलीस? मग वाच, आणि थांबा चुकू देऊ नकोस.

ठीक दहाला दोघं आले. एक मोठ्या तपासनीस बाई, करड्या कोटातल्या, चेहऱ्यावरची माशी हलणार नाही अशा. दुसरा लिहून घेणारा. बाईंनी पुस्तक उघडलं आणि म्हणाल्या, "चेंडू कुठंय?" साहेबांनी डोळे मिटले. दुसरं पान. "घड्याळ कुठंय?" डोळे बंदच. तिसरं, चौथं. लिहून घेणारा फुल्या मारतोय. सहाव्या फुलीला मी उठून मध्येच उभी राहिले. म्हटलं, "बाई, तुम्हाला जे माहीत आहे ते ती सांगत नाही. तुम्हाला माहीत नाही ते सांगेल. पाच मिनिटं द्या." बाईंनी घड्याळ बघितलं आणि मान हलवली.

टेप समोर धरला. साहेबांनी डोळे उघडले. टक्, टक्, टक्. लिहून घेणारा एकेक अक्षर मोठ्याने वाचतोय. "डावी बाही" इथपर्यंत आलं आणि माझ्या लक्षात आलं की ही बाई आल्यापासून साहेबांची नजर तिच्या कोटावर आहे. मी मनात म्हटलं, देवा, आज नको. आज तोंड आवर. पण आवरतेय कुठली! वाक्य पुरं झालं: "डावी बाही अर्धा इंच लांब आहे."

बाई म्हणाल्या, "शक्य नाही. चार वर्षं घालतेय मी हा कोट." मी म्हटलं, मापू या. उजवी साडेबावीस. डावी तेवीस. लिहून घेणाऱ्याने वाकून स्वतः बघितलं आणि म्हणाला, "बाई, तेवीसच." त्यांनी दोन्ही हात पुढे करून मनगटं बघितली, आणि चार वर्षांचा कोट पहिल्यांदा बघत असल्यासारख्या बघतच राहिल्या.

पण पक्की बाई हो. म्हणाल्या, "बोट तुमचं फिरतं, तुम्हीच थांबवत नसाल कशावरून? तुम्ही आत जा." राग आला, पण खरंच होतं त्यांचं. आत गेले. दाराच्या फटीतून बघत होते, ऐकू कुठलं येतंय. बाईंनी स्वतः टेपवर बोट फिरवलं. एकदा कपाळावर आठी घातली. एकदा मोठ्याने हसल्या, इतक्या की लिहून घेणाऱ्याचं पेन पडलं. आणि मग खिशातून रुमाल काढून डोळे पुसले. चाळीस मिनिटं!

काय बोलणं झालं ते साहेब मला सांगत नाहीत. विचारलं तर अठ्ठावन्न इंच. छत्तीस वर्षांत तिची अशी एकही गोष्ट नव्हती जी मला ठाऊक नाही. आता एक आहे. मला जरा टोचलं, आणि मग इतका आनंद झाला की मी तीनच कप चहा केला, आपण चौघं आहोत हेच विसरले.

मला बाहेर बोलावून बाई साहेबांना म्हणाल्या, "चित्रं मला नियमाने करावीच लागतात. मलाही त्याचा कंटाळा येतो. मदत कराल?" अशी नीट विनंती केल्यावर साहेब कशाला नाही म्हणतील? फुल्या खोडून पुन्हा पहिल्यापासून. पंचवीसपैकी पंचवीस! आठ मिनिटांत! शेवटच्या चित्राला तर बाईंनी नाव घ्यायच्या आधीच त्याच्याकडे बघून बसल्या होत्या.

तुझं कबुलीपत्र बाईंकडे फाइलीत होतं. त्या म्हणाल्या, अशी पत्रं येत नाहीत, पहिलंच बघितलं. मी म्हटलं, पोरगी मूर्ख आहे पण आमची आहे.

अहवालाचं शेवटचं वाक्य त्यांनी वाचून दाखवलं आणि मी पाठ केलंय: "समज पूर्ण. साधन तातडीने द्यावे." यंत्र शुक्रवारी येतंय. गालाशी एक बटण असतं म्हणे, गाल टेकला की अक्षर निवडलं जातं आणि यंत्र बोलतं.

आणि बाई कोट ठेवून गेल्यात. बाही दुरुस्तीला.

मावशी


१८ मे

शहाणी,

हे पत्र माझं. गालाने लिहिलं. चार दिवस लागले. लांब पत्रांची सवय लावून घेऊ नकोस.

आई बरी आहे. गाठ साधी निघाली. डॉक्टरांनी पाच दिवस बोलायला बंदी केली. आमच्या घरात असं पहिल्यांदा झालं. शेजाऱ्यांनी विचारपूस केली.

ऑपरेशननंतर मला खुर्चीसकट आईजवळ नेलं. नर्सबाई आईला विचारत होत्या, दुखत नाही ना, बरं वाटतंय ना. आई प्रत्येक वेळी मान हलवून हो म्हणत होती. नर्सबाईंनी लिहिलं, बरं आहे. मी यंत्राचा आवाज पूर्ण वाढवला आणि म्हटलं, "तिला ऐकू येत नाही. ती कशालाही हो म्हणते. तिचा श्वास बघा. तिला फार दुखतंय." सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. नर्सबाईंनी लगेच इंजेक्शन दिलं. आईने माझा हात धरला तो झोप लागेपर्यंत सोडला नाही. तिच्या श्वासाचं मला कळतं. दुसऱ्या कोणाला नाही.

त्या पाच दिवसांत आईसाठी मी बोलले. पाणी हवं. उशी उंच करा. दिवा मालवा. एकदा तिच्या मनात नव्हतं तेही बोलले. भेटायला आलेल्या शेजारणीला म्हटलं, आता घरी जा.

तू आली नाहीस. नर्सबाईंना रोज दोनदा फोन केलास. त्यांनी सांगितलं.

पहिल्या अहवालाची प्रत मी समितीकडून मागवली. भिंतीवर टेपच्या शेजारी लावलीय. समज दोन वर्षांच्या मुलाइतकी. राग आहे. थोडा. लपवत नाही, आपल्या घरात लपवणारी माणसं आधीच जास्त आहेत.

त्या दिवशी तू विचारलंस, "ताई, सफरचंद कुठंय?" तुझ्या नाकासमोर होतं. मला वाटलं, एवढी शिकली आणि हिला सफरचंद दिसत नाही. मला तुझी काळजी वाटली.

वाचायला कोणी शिकवलं म्हणून आईने विचारलं तेव्हा मी हसले. तुला सांगते. तू. अकरा वर्षं आली नाहीस म्हणून अकरा वर्षं लिहीत राहिलीस. आईचं बोट शब्दाखाली, आईचा आवाज कानात, तुझं अक्षर डोळ्यांपुढे. अक्षर वाईट आहे तुझं. नाहीतर दोन वर्षं आधी शिकले असते.

ज्याचं उत्तर माहीत असतं ते मी विचारत नाही. हे माहीत नाही म्हणून विचारते.

तू कधी येतेस?

ताई